शिध्याची यादी वेगळी, भांड्यांची वेगळी

वाचक विचारतात : हॅस्केलचा प्रकल्प आणि त्याची पॅकेजं

या वेळच्या पत्रांपैकी पाच पत्रं एकाच दुखण्याची निघाली : पॅकेजं, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला आयता कोड, कुठे आणि कशी मागायची. म्हणून ती एकत्र घेते. मी गेली ११ वर्षं पुण्यात हॅस्केल या प्रोग्रॅमिंग भाषेवर पोट भरते आहे, तेव्हा या दुखण्याचे व्रण अंगावर आहेतच. एक आधीच सांगते : फाइलींमधले शब्द इथे देवनागरीत छापलेत. तुमच्या फाइलीत ते रोमनमध्येच राहू द्या, नाहीतर पुढच्या अंकाला त्याचीच पत्रं यायची.

प्रश्न : ताई, मी नाशिकला एका छोट्या कंपनीत आहे. आधीचा माणूस सोडून गेला आणि त्याचा हॅस्केल प्रकल्प माझ्या गळ्यात पडला. 'एसआरसी' फोल्डरमध्ये लायब्ररी आहे, 'अ‍ॅप'मध्ये तीन प्रोग्रॅम. परवा लायब्ररीच्या एका मॉड्यूलमध्ये मी डेटा डॉट मॅप वापरलं आणि लायब्ररीच्या बिल्ड-डिपेंड्समध्ये, म्हणजे लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत, ते ज्यात येतं ते कंटेनर्स हे पॅकेज लिहिलं. लायब्ररी बिल्ड झाली. पण पहिला प्रोग्रॅम बिल्ड होताना जीएचसी हा कंपायलर म्हणतो, कंटेनर्स हे 'हिडन पॅकेज' आहे. गंमत म्हणजे एरर प्रोग्रॅमच्या फाइलीत नाहीच. ती लायब्ररीच्याच फाइलीत आहे, जी मिनिटभरापूर्वी बिनतक्रार कंपाइल झाली होती! चारही ठिकाणी तीसेक पॅकेजांची तीच यादी चिकटवलेली आहे. मीही चार ठिकाणी लिहून मोकळा होऊ का?

उत्तर : 'एरर लायब्ररीच्याच फाइलीत आहे' हे तुम्ही लिहिलंत, म्हणून निदान सोपं झालं. नाहीतर मी 'प्रोग्रॅमच्या यादीतही कंटेनर्स लिहा' असं सांगितलं असतं आणि रोग तसाच राहिला असता.

कबाल हा हॅस्केलचे प्रकल्प बांधून देणारा प्रोग्रॅम. कबाल फाइलीतला प्रत्येक भाग हा त्याच्या लेखी स्वतंत्र संसार असतो, मग तो लायब्ररीचा असो, प्रोग्रॅमचा असो की टेस्टचा. एकीने भरलेलं वाणसामान दुसरीच्या स्वयंपाकघरात आपोआप येत नाही. जो भाग कंपाइल होतोय त्याच्या बिल्ड-डिपेंड्समध्ये जे लिहिलंय तेवढंच जीएचसीला दिसतं. बाकीची पॅकेजं मशिनवर असूनही 'हिडन', म्हणजे झाकलेली. इथवर ठीक. पण मग प्रोग्रॅम बिल्ड होताना लायब्ररीची फाइल पुन्हा कंपाइल का व्हावी?

आता तुमच्या प्रोग्रॅमच्या भागात एचएस-सोर्स-डर्स ही ओळ शोधा. कुठल्या फोल्डरांतल्या फाइली घ्यायच्या, ते ती सांगते. तिथे नुसतं 'अ‍ॅप' नसून 'अ‍ॅप, एसआरसी' असं सापडेल, अशी मी पैज लावते. म्हणजे हा प्रोग्रॅम तुमची लायब्ररी वापरतच नाहीये. तो तिच्या फाइली उचलून स्वतःच्या म्हणून पुन्हा कंपाइल करतोय. तिन्ही प्रोग्रॅममध्ये असंच असेल तर एकेक मॉड्यूल चारदा कंपाइल होतंय. लायब्ररीला जे जे लागतं ते प्रत्येक प्रोग्रॅमच्या यादीत का चिकटवावं लागलं, तेही यातून कळतं. बिल्डला इतका वेळ का लागतो हे तुम्ही विचारलं नाहीत, पण त्याचं उत्तर यातच आलं.

आधीच्या माणसाने असं का केलं असावं, याचा अंदाज करता येतो. लायब्ररीतलं एखादं मॉड्यूल त्याने एक्स्पोज्ड-मॉड्यूल्समध्ये न लिहिता अदर-मॉड्यूल्समध्ये ठेवलं असणार. तसं मॉड्यूल बाहेरच्याला दिसत नाही. प्रोग्रॅममधून इम्पोर्ट होईना, तेव्हा वैतागून त्याने अख्खं फोल्डरच प्रोग्रॅमला जोडून दिलं. मी नवीन असताना हेच केलंय, म्हणून त्याला नावं ठेवत नाही.

दुरुस्ती अशी करा. तिन्ही प्रोग्रॅममधून 'एसआरसी' काढा. त्यांच्या बिल्ड-डिपेंड्समध्ये तुमच्या स्वतःच्या पॅकेजचं नाव लिहा. हो, स्वतःचंच. प्रोग्रॅमला आपल्याच घरातली लायब्ररीही अशी नाव घेऊन मागावी लागते. प्रोग्रॅमला लागणारी मॉड्यूल्स एक्स्पोज्ड-मॉड्यूल्समध्ये आणा. मग प्रोग्रॅमच्या यादीत बेस (हॅस्केलचं मूळ पॅकेज), तुमचं पॅकेज आणि त्या प्रोग्रॅमच्या फाइलीत खरोखर इम्पोर्ट केलेली पॅकेजं, एवढंच ठेवा. लायब्ररीच्या फंक्शनने मॅप परत दिला आणि तुम्ही तो तसाच दुसऱ्या फंक्शनला दिलात, तर प्रोग्रॅमच्या यादीत कंटेनर्स लागत नाही. डेटा डॉट मॅप स्वतः इम्पोर्ट कराल तेव्हाच लागतं.

आता उरली तीसची यादी. जीएचसी ८.१० पासून 'अनयूज्ड-पॅकेजेस' नावाचा इशारा आहे, तो चालू करा. यादीत लिहून न वापरलेली नावं तो एकेक करून सांगतो. आमच्याकडे पहिल्यांदा चालू केला तेव्हा एका टेस्टच्या यादीतली निम्मी नावं गेली.

यावर कुणीतरी तुम्हाला 'कॉमन' भाग वापरायला सांगेल. कबाल २.२ पासून सामायिक गोष्टी एकदा लिहून चार ठिकाणी आणायची ती सोय आहे, आणि चांगली आहे. मी तिच्यात बेस, भाषेची आवृत्ती आणि इशाऱ्यांचे पर्याय ठेवते. तीसच्या तीस पॅकेजं तिच्यात कोंबलीत तर टायपिंग वाचेल, पण कोणाला काय लागतं हे पुन्हा कुणालाच कळणार नाही.

प्रश्न : मी इस्लामपूरला शेवटच्या वर्षाला आहे. माझ्या लॅपटॉपवर टेस्ट चालतात, मित्राच्या लॅपटॉपवर 'एचस्पेक-डिस्कव्हर चालवता आलं नाही' असं येतं. यादीत एचस्पेक हे टेस्टचं पॅकेज आहे. एचस्पेक-डिस्कव्हरही लिहून पाहिलं, तरी तेच.

उत्तर : लिहिलंस, पण चुकीच्या यादीत.

माझ्या मामाकडे मुंजीला एक आचारी यायचा. तो दोन कागद द्यायचा. एकावर शिधा : तांदूळ, डाळ, तेल, गूळ. दुसऱ्यावर भांडी : मोठी पातेली, झारे, परात. शिधा पोटात जातो. भांड्यांशिवाय स्वयंपाक होत नाही, पण पंगतीत झारा कुणी वाढत नाही. बिल्ड-डिपेंड्स हा शिध्याचा कागद. तिथल्या लायब्रऱ्यांचा कोड तुझ्या प्रोग्रॅममध्ये जातो. एचस्पेक-डिस्कव्हर हा झारा आहे. तो एक वेगळा प्रोग्रॅम आहे. कंपाइल करताना जीएचसी त्याला हाक मारतो, तो तुझ्या टेस्टच्या फाइली शोधून मुख्य फाइल लिहून देतो आणि बाजूला होतो.

त्याची जागा बिल्ड-टूल-डिपेंड्समध्ये. तिथे पॅकेजचं नाव, मग कोलन (:), मग प्रोग्रॅमचं नाव असं लिहितात. इथे दोन्ही एकच असल्यामुळे 'एचस्पेक-डिस्कव्हर:एचस्पेक-डिस्कव्हर' असं दिसेल. चूक वाटेल, पण चूक नाही. ही ओळ टेस्टच्या भागात जाते, लायब्ररीच्या नाही. मग कबाल ते टूल स्वतः बांधतो आणि त्या बिल्डपुरतं पाथमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम शोधायच्या जागांत, ठेवतो. अ‍ॅलेक्स आणि हॅपी वापरून पार्सर लिहीत असशील तर त्यांचीही जागा हीच.

तुझ्याकडे चाललं कारण कधीतरी तू 'कबाल इन्स्टॉल' ही आज्ञा देऊन ते टूल घरभर मोकळं सोडलंयस आणि तुझ्या पाथमध्ये ते सापडतंय. मित्राने ते केलेलं नाही, एवढाच फरक.

आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. टूलला जी पॅकेजं लागतात ती कबाल वेगळी सोडवतो. टूलला एखाद्या पॅकेजची जुनी आवृत्ती हवी आणि तुझ्या लायब्ररीला नवी, तरी भांडण होत नाही, कारण झाऱ्याचं लोखंड भातात उतरत नाही. उलट टूलचं नाव शिध्यात लिहिलंस तर ते भांडण विनाकारण ओढवून घेतेस.

प्रश्न : सर्व्हरवर काय काय टाकायचं, ते कबाल फाइल बघून कळत नाही का? प्रोग्रॅम इथे ठाण्याला माझ्या मशिनवर चालतो, सर्व्हरवर सुरूच होत नाही. हॅस्केलमध्ये तर सगळं एका फाइलीत येतं असं ऐकलं होतं.

उत्तर : अर्धंच खरं ऐकलंत. लिनक्सवर कबालने बांधलेल्या प्रोग्रॅममध्ये हॅस्केलची पॅकेजं सहसा आतच बांधली जातात. पण सी भाषेतल्या लायब्रऱ्या बाहेरच राहतात आणि प्रोग्रॅम सुरू होताना शोधल्या जातात.

हे मी शिकले ते हरतालिकेच्या संध्याकाळी. एका ग्राहकाचा सर्व्हर बदलायचा होता. नवीन मशिन आलं, आम्ही बांधलेली फाइल त्यावर ठेवली आणि मी घरी आले. दुसऱ्या दिवशी गणपती, ओट्यावर मोदकाचं सारण, हाताला गूळ. फोन वाजला : प्रोग्रॅम सुरू होत नाही. सासूबाईंनी फोन कानाला धरला आणि मी तिकडच्या मुलाला एरर वाचून दाखवायला सांगितली. 'लिबपीक्यू डॉट एसओ डॉट ५ : उघडता येत नाही.' ही पोस्टग्रेसशी बोलणारी सी लायब्ररी. जुन्या सर्व्हरवर ती आम्ही कधीच टाकली नव्हती, कारण डेटाबेस त्याच मशिनवर होता आणि त्याच्याबरोबर ती आयती आली होती. नव्या रचनेत डेटाबेस वेगळ्या मशिनवर गेला आणि जाताना लिबपीक्यूलाही घेऊन गेला. चार वर्षं आम्ही एका अवलंबित्वावर उभे होतो आणि ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मुलाने लिबपीक्यू५ टाकलं, प्रोग्रॅम सुरू झाला, सारण थोडं करपलं. रात्री साडेअकराला पुन्हा फोन. आता पावत्या निघत नाहीत. आमचा प्रोग्रॅम पीडीएफमधला मजकूर काढायला पीडीएफटूटेक्स्ट हा बाहेरचा प्रोग्रॅम चालवायचा. तोही नव्या मशिनवर नव्हता. हा तर वाईट प्रकार, कारण प्रोग्रॅम सुरू होतो, दिवसभर नीट चालतो आणि पहिली पीडीएफ आली की पडतो. आम्ही हॅस्केलवाले टाइपच्या जिवावर फार मिरवतो, पण प्रोग्रॅमचं नाव अवतरणचिन्हांत स्ट्रिंग म्हणून लिहिलं की टाइप काय वाचवणार?

तेव्हापासून माझ्या तीन सवयी आहेत. सी लायब्ररी वापरणारं पॅकेज आपलं स्वतःचं असेल तर तिचं नाव पीकेजीकॉन्फिग-डिपेंड्समध्ये लिहायचं. मग ती नसेल तर बिल्ड सुरुवातीलाच थांबतो, लिंकरच्या चार पानी शिव्या खाव्या लागत नाहीत. मात्र हे बिल्डच्या मशिनपुरतं झालं. सर्व्हरसाठी, बांधलेल्या फाइलीवर एलडीडी ही आज्ञा चालवते. फाइलीला बाहेरचं काय काय लागतं ते ती ओळीओळीने दाखवते, आणि जे सापडत नाही त्याच्यापुढे 'नॉट फाउंड' येतं. ती यादी मी सर्व्हर उभा करायच्या स्क्रिप्टशी ताडून बघते. डेबियन किंवा उबुंटू असेल तर लक्षात ठेवा : बांधायला लिबपीक्यू-डेव्ह लागतं, चालवायला लिबपीक्यू५ पुरतं. तिसरी सवय बाहेरच्या प्रोग्रॅमसाठी. डिरेक्टरी पॅकेजमध्ये फाइंडएक्झिक्युटेबल नावाचं फंक्शन आहे. मेन सुरू होताच लागणारा प्रत्येक प्रोग्रॅम त्याने शोधायचा आणि नसेल तर तिथेच नाव सांगून थांबायचं. पडायचं तर सकाळी दहाला पडावं, सगळे जागेवर असताना.

तुमची एरर तुम्ही पाठवली नाहीत. तिच्यात 'जीलिबसी २.३४ सापडलं नाही' असं काही असेल तर गोष्ट निराळी. जीलिबसी ही लिनक्सची मूळ सी लायब्ररी. उबुंटू २२.०४ वर बांधलेली फाइल २०.०४ वर नेलीत की असं होतं. पहिल्यात जीलिबसी २.३५ आहे, दुसऱ्यात २.३१. नव्यावर बांधून जुन्यावर चालवता येत नाही, उलटं चालतं. सर्व्हरवर जी आवृत्ती आहे त्याच आवृत्तीच्या कंटेनरमध्ये बांधा (वरच्या कंटेनर्स पॅकेजशी याचा संबंध नाही). तिथे इतर उपाय शोधत बसू नका.

प्रश्न : मी डब्लिनला असतो. माझी एक छोटी लायब्ररी हॅकेजवर, म्हणजे हॅस्केलच्या पॅकेजांच्या सार्वजनिक कोठारात, आहे. काही बिघडू नये म्हणून प्रत्येक पॅकेजसाठी दोन बरोबरचिन्हं देऊन नेमकी आवृत्ती लिहिली. आता वापरणारे तक्रार करतात की ती त्यांच्या प्रकल्पात बसतच नाही. काळजी घेतली ही चूक झाली का?

उत्तर : काळजी बरोबर, घेतलीत चुकीच्या फाइलीत.

एका बिल्डमध्ये कबाल प्रत्येक लायब्ररीची एकच आवृत्ती निवडतो. तुमची लायब्ररी म्हणते ईसन हे पॅकेज नेमकं २.१.२.०, तिसऱ्या कुणाची म्हणते २.२ च्या पुढचं. दोन्ही वापरू पाहणाऱ्याला कबाल हात जोडतो. तुम्ही बेसचीही नेमकी आवृत्ती लिहिली असेल तर कहर आहे, कारण बेस कंपायलरला बांधलेलं असतं : जीएचसी ९.६ बरोबर बेस ४.१८, ९.८ बरोबर ४.१९. म्हणजे वापरणाऱ्याने कंपायलर कोणता ठेवायचा हेही तुम्हीच ठरवलंत.

लायब्ररी दुसऱ्याच्या घरी नांदायला जाणार असते. तिने 'इथपासून इथपर्यंत मला चालतं' एवढंच सांगावं. हॅकेजच्या रिवाजात आवृत्तीचे पहिले दोन आकडे मिळून मोठा बदल दाखवतात. तिसरा वाढला तर नवीन काही आलं, जुनं मोडलं नाही. टोपीवाल्या चिन्हाने ^>= २.१.२ असं लिहिलंत की अर्थ होतो : २.१.२ किंवा पुढचं, पण २.२ च्या आतलं. २.२ आल्यावर तपासायचं आणि पुढे || लावून ^>= २.२ जोडायचं.

वरची मर्यादाच नको म्हणणारेही आहेत. त्यांना मी २०२१ ची आठवण करून देते. ईसन हे जेसन वाचायचं पॅकेज, जवळपास प्रत्येकाच्या यादीत असलेलं. त्या ऑक्टोबरात त्याचं २.० आलं आणि ऑब्जेक्टच्या आतली रचनाच बदलली. आधी हॅशमॅप होता, किल्ल्या साध्या टेक्स्ट होत्या. आता कीमॅप आला आणि किल्लीला स्वतःचा टाइप मिळाला. कारण रास्त होतं : मुद्दाम एकाच हॅशवर आदळणाऱ्या किल्ल्या पाठवून कुणीही सर्व्हर दमवू शकत होतं. पण ज्यांनी ईसनला वरची मर्यादा लावली नव्हती, त्यांचं बिल्ड एका सकाळी एक अक्षरही न बदलता मोडलं. आमच्या एका जुन्या प्रोग्रॅमचं मोडलं. तो सुधारायला माझा एक शनिवार गेला.

तुमच्या मूळ इच्छेसाठी, म्हणजे आज जे चाललं तेच उद्या चालावं यासाठी, वेगळी जागा आहे. कबाल फ्रीझ ही आज्ञा चालवलीत की प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये एक फ्रीझ फाइल तयार होते. तिच्यात प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती असते, आणि इंडेक्स-स्टेट नावाची एक तारीखवेळ. ही तारीख बिनकामाची समजू नका. हॅकेजवर चढवलेली आवृत्ती कुणी बदलू शकत नाही, पण तिच्या मर्यादा मागाहून सुधारता येतात. तारीख गोठवलेली असली की कबाल त्या क्षणाचं हॅकेज बघतो. ही फाइल फक्त तुमच्या प्रकल्पात चालते, तुमची लायब्ररी वापरणाऱ्यांना ती बाधत नाही. म्हणून आमच्याकडे सर्व्हरवर जाणाऱ्या प्रोग्रॅमची फ्रीझ फाइल गिटमध्ये असते, आणि कंपायलरची आवृत्तीही कबालच्या प्रोजेक्ट फाइलीत नावानिशी लिहिलेली असते.

आणि हॅकेजवर नवीन आवृत्ती चढवायच्या आधी, मर्यादा सैल करून निदान दोन जीएचसींवर बांधून पाहा. जीएचसीअप वापरत असाल तर दुसरा कंपायलर आणणं म्हणजे एका आज्ञेचं काम आहे.

प्रश्न : स्टॅक की कबाल? एका शब्दात सांगा. – सोलापूरहून एक वाचक

उत्तर : कबाल.

पण तुमच्याकडे आधीच स्टॅकवर चालणारा प्रकल्प असेल तर मोडू नका. २०१५ मध्ये स्टॅक हे प्रकल्प बांधायचं दुसरं टूल आलं तेव्हा कबालने पॅकेजं एकमेकांत गुंतून बसायची. त्याला सगळे उघडच 'कबाल हेल' म्हणायचे. एकमेकांशी पटणाऱ्या आवृत्त्यांचा तयार संच देऊन स्टॅकने आमची सुटका केली, हे मी विसरलेले नाही. पुढे कबाल सुधारला. २०१९ च्या ३.० पासून प्रत्येक प्रकल्पाची पॅकेजं तो आपोआप वेगळी ठेवतो, म्हणून आता माझा कौल तिकडे.

स्टॅकवाल्यांच्या प्रकल्पात बहुधा पॅकेज डॉट यामल असतं आणि एचपॅक त्यातून कबाल फाइल तयार करतो. तिथे सर्वांत वर लिहिलेली डिपेंडन्सीजची यादी लायब्ररी, प्रोग्रॅम, टेस्ट सगळ्यांना लागू होते. नाशिकच्या वाचकांनी हे खास बघावं, त्यांच्या चार सारख्या याद्या याच वाटेने आल्या असतील. तसं असेल तर वरच्या यादीत फक्त बेस ठेवा आणि बाकीची नावं ज्याच्या त्याच्या भागात खाली उतरवा. बदल यामलमध्येच करा. तयार झालेली कबाल फाइल हाताने बदललीत तर एचपॅकला ते कळतं आणि सक्ती केल्याशिवाय तो तिला पुन्हा हात लावत नाही.